सुकल्या काडीची ओळख

चीनमधल्या औषधांच्या दुकानांत 'फंगतौ' नावाचा एक जिन्नस मिळतो. करड्या-हिरवट रंगाचं, पीळ दिलेलं एक छोटंसं वेटोळं. बोटांनी दाबलं तर कडक लागतं आणि तोंडात धरून चावलं की बुळबुळीत होतं. हे डेंड्रोबियम वंशातल्या ऑर्किडचं सुकवलेलं खोड. ताजं खोड तोडून आणायचं, मुळं छाटायची, कढईत मंद आचेवर शेकून ते लवचीक करायचं आणि गरम असतानाच हातानं पीळ द्यायचा. थंड झालं की पुन्हा शेकायचं, पुन्हा पीळ घट्ट करायचा. या खटाटोपात पानांची पातळ आवरणं झडून जातात. अस्सल मालाच्या एका टोकाला मुळांचे तुटके तंतू आणि दुसऱ्या टोकाला खोडाचा निमुळता शेंडा शाबूत असावा, असा जुना दंडक आहे. व्यापारी त्याला 'ड्रॅगनचं डोकं आणि फिनिक्सची शेपटी' म्हणतात.

ही कलाकुसर कौतुकाची आहे खरी, पण वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीनं पंचाईत करणारी. ऑर्किड ओळखायचं ते फुलावरून. पाकळ्यांपैकी एक वेगळी होऊन बनलेला ओठ, त्यावरच्या रेघा आणि केस, परागपिंडांची संख्या, मागे लोंबणारी नळी, या सगळ्यांवर जात ठरते. फूल नसेल तर पानं आणि खोड बघून तज्ज्ञ अंदाज बांधतो. फंगतौमध्ये फूल नाही, पान नाही आणि खोडाचा मूळ आकारही उरलेला नाही. डेंड्रोबियम वंशात तर सुमारे दीड हजार जाती आहेत आणि त्यांतल्या तीसेक जाती चिनी औषधांत या ना त्या नावानं वापरल्या जातात.

त्यांतली सगळ्यांत महाग जात म्हणजे डेंड्रोबियम ऑफिसिनाले, चिनी नाव 'थ्येफी शिहू'. शिहूचा उल्लेख 'शेननोंग बन्छाओ जिंग' या जुन्या चिनी औषधिग्रंथात आहे. पोट, घशाची कोरड, तापानंतरचा अशक्तपणा यांसाठी तो देत आले आहेत. कातळांवर आणि झाडांवर उगवणारं हे ऑर्किड ओरबाडून ओरबाडून रानातून जवळपास संपलं. मग ऊतिसंवर्धनानं रोपं करून झेज्यांग, युन्नान वगैरे प्रांतांत जाळीघरांतून त्याची लागवड सुरू झाली. २०१० च्या चिनी औषधसंहितेनं थ्येफी शिहूला इतर शिहूंपासून वेगळं काढून स्वतंत्र नोंद दिली. त्या दिवसापासून 'ही काडी नेमकी कुठल्या जातीची?' हा प्रश्न निव्वळ अभ्यासकांचा राहिला नाही, त्यात भाव आणि कायदा दोन्ही आले. शिहूच्या नावाखाली डेंड्रोबियमच्या स्वस्त जाती तर खपतातच, शिवाय फोलिडोटासारख्या वेगळ्याच वंशातल्या ऑर्किडची खोडंही खपतात.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर आपल्या गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानात डोकवावं. तिथे सालमपंजा मिळतो. हाताच्या पंजासारखे बोटं फुटलेले हे चिवट कंद हिमालयातल्या डॅक्टिलोरायझा हटागिरिया या ऑर्किडचे. शक्तिवर्धक म्हणून ते पाकात, लाडवात पडतात. शेजारच्या बरणीत सालममिश्री असते. तिच्यात कधी याच कुळातले गोल कंद असतात, कधी युलोफिया ऑर्किडचे. सालमलाच सालबही म्हणतात, पण 'बादशाही सालब' नावानं येतो तो ऑर्किडच नव्हे, तो कांद्याच्या गोतातला एक कंद. बटाटा आणि डिंक कुटून केलेल्या बनावट सालबाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासूनच्या आहेत. भेसळ हा आजच्या पिढीचा शोध नाही.

महारास्नादि काढा मराठी घरांना ठाऊक आहे. त्यातली रास्ना कोणती? बंगालकडे वैद्य व्हँडा टेसेलाटा या ऑर्किडची मुळं वापरतात. हे ऑर्किड आपल्याकडे आंब्याच्या फांद्यांवरही दिसतं. उत्तरेत रास्ना म्हणजे प्लुचिया लॅन्सिओलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं रेताड जमिनीतलं झुडूप. केरळात रास्ना म्हणून आल्याच्या कुळातल्या कुलिंजनाचे कंद घेतात. तीन झाडं, तीन कुळं, एक नाव. जीवंतीचंही तेच. पश्चिम भारतात जीवंती म्हणजे डोडीचा वेल, बंगालच्या बाजूला मात्र डेंड्रोबियम मॅक्रेई हे ऑर्किड.

आणि अष्टवर्ग? जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धी आणि वृद्धी. च्यवनप्राशाच्या पाठात येणाऱ्या या आठांपैकी चार आज ऑर्किड मानली जातात: जीवक म्हणजे क्रेपिडियम ॲक्युमिनाटम, ऋषभक म्हणजे मॅलॅक्सिस मस्किफेरा, ऋद्धी म्हणजे हॅबेनेरिया इंटरमीडिया आणि वृद्धी म्हणजे प्लॅटॅन्थेरा एजवर्थाय. 'मानली जातात' हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. त्याकडे पुढे येऊच.

सुकलेली औषधी वनस्पती ओळखायच्या जुन्या रीती काही टाकाऊ नाहीत. जाणता वैद्य रंग, वास, चव आणि मोडल्यावरचा कडका यांवरून पुष्कळ सांगतो. सूक्ष्मदर्शकाखाली खोडाचा आडवा छेद घेतला तर पेशींची मांडणी दिसते. रसायनशास्त्रज्ञ काचेच्या पट्टीवर अर्क चढवून त्याचे पट्टे मोजतो. पण एकाच वंशातल्या जवळच्या जातींचे छेद सारखे दिसतात, आणि रसायनं हवामानाप्रमाणं, वयाप्रमाणं, तोडणीच्या महिन्याप्रमाणं कमीजास्त होतात. भुकटी केल्यावर तर डोळ्यांचं काम संपतंच.

डीएनए मात्र मुळात, खोडात, पानात एकच असतो. झाड पावसाळ्यात तोडा की हिवाळ्यात, त्याच्या अक्षरांचा क्रम बदलत नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये असं मांडलं की, प्राण्याची जात ओळखायला त्याचा सगळा डीएनए वाचायची गरज नाही. ठरावीक जागचा एक छोटा तुकडा सगळ्यांचा वाचावा आणि तुलना करावी. त्यांनी निवडला तंतुकणिकेतला सीओ-१ जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा. दुकानातल्या मालावरच्या पट्ट्यांवरून या पद्धतीला डीएनए बारकोडिंग हे नाव पडलं. पक्षी, मासे, फुलपाखरं यांच्या बाबतीत तिनं छान काम दिलं.

वनस्पतींनी मात्र हात दाखवला. त्यांच्या तंतुकणिकेतली जनुकं फार संथ बदलतात. आंबा आणि काजू यांत फरक सापडेल, पण एकाच वंशातल्या दोन जातींत सापडेलच असं नाही. म्हणून नजर वळली हरितलवकाकडे. सहा वर्षं वाद झाले, आणि २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय गटानं आरबीसीएल आणि मॅटके या दोन हरितलवकी जनुकांची जोडी मान्य केली. पहिलं जनुक प्रकाशसंश्लेषणातल्या मुख्य एन्झाइमचं. ते जवळपास प्रत्येक झाडातून सहज मिळतं, पण फरक कमी दाखवतं. दुसरं फरक चांगला दाखवतं, पण काही कुळांत प्रयोगशाळेत हाती लागायला कुरकुर करतं. दोघं मिळून ५५० जातींच्या ९०७ नमुन्यांवर तपासले तेव्हा ७२ टक्के जाती वेगळ्या सांगता आल्या. उरलेल्यांबाबत फक्त 'याच्या जवळपासची' एवढंच उत्तर मिळालं.

ऑर्किडवाल्यांना मॅटकेचं आकर्षण आधीपासून होतं. २००८ मध्ये मध्य अमेरिकेतल्या हजाराहून अधिक ऑर्किड जातींवर हे जनुक तपासलं गेलं आणि एकसारख्या दिसणाऱ्या, पण प्रत्यक्षात वेगळ्या जातीही त्यातून पुढे आल्या. व्यापारबंदी असलेल्या जाती पकडायला हे उपयोगी पडेल, असं त्या अभ्यासकांनी तेव्हाच लिहून ठेवलं. पण अनेक देशांतल्या दूरदूरच्या जाती एकत्र घेऊन वेगळ्या सांगणं सोपं असतं. खरी कसोटी लागते ती एकाच वंशातल्या भावंडांवर, आणि औषधांच्या बाजारात भेसळ होते ती नेमकी भावंडांचीच.

दिल्ली विद्यापीठातल्या गटानं २०१२ मध्ये हाच मुद्दा डेंड्रोबियम घेऊन दाखवला. सगळ्या वनस्पतींसाठी सुचवलेले हरितलवकी तुकडे या वंशात कमी पडले. मॅटके त्यातल्या त्यात बरं, पण तेही सगळ्यांना वेगळं करू शकलं नाही. केंद्रकातल्या डीएनएमधला आयटीएस नावाचा तुकडा मात्र सरस ठरला. २०१७ मध्ये याच गटाच्या कामात ४७ वंशांतल्या ९४ भारतीय ऑर्किड जाती आल्या आणि त्यांत २६ औषधी होत्या. आयटीएसचं वैशिष्ट्य समजायला सोपं आहे. पेशीतल्या प्रथिनांच्या कारखान्याचे सुटे भाग घडवणारी जनुकं एका ओळीत असतात आणि त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेला आयटीएस म्हणतात. त्या जागेत एखादं अक्षर बदललं तरी झाडाचं फारसं अडत नाही, त्यामुळे बदल साचत जातात. दोन्ही बाजूंची जनुकं मात्र क्वचितच बदलतात, म्हणून त्यांच्या आधारानं मधला तुकडा पकडता येतो. बीजिंगच्या संशोधकांनी २०१० मध्ये याचा अर्धा भाग, आयटीएस-२, औषधी वनस्पतींसाठी सुचवला. त्यांनी ४८०० जातींचे ६६०० हून अधिक नमुने तपासले, आणि ९२.७ टक्के नमुन्यांची जात बरोबर निघाली. तुकडा आखूड असणं हाच इथे मोठा फायदा. शेकून, वाळवून, वर्षभर पोत्यात ठेवलेल्या मालातला डीएनए तुटून बारीक झालेला असतो. त्यातून हजार अक्षरांचा सलग तुकडा मिळणं कठीण, पण अडीचशे अक्षरांचा मिळून जातो.

आता ती काडी प्रयोगशाळेत काय काय सोसते ते जवळून पाहू. आधी बाहेरचा थर स्पिरिटनं पुसायचा आणि धारदार पात्यानं खरवडून टाकायचा. त्यावर दुकानातली धूळ असते, शेजारच्या पोत्यातल्या मालाची भुकटी असते, बुरशीही असते. मग आतला गर द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटायचा. पूड गरम सीटॅब द्रावणात घातली की पेशींचे पापुद्रे सुटे होतात. इथवर ठीक चालतं. पुढे शिहूचा गुणच आडवा येतो. ज्या बुळबुळीत पिष्टमय पदार्थांसाठी लोक पैसे मोजतात, तेच डीएनएला चिकटून बसतात. नळीच्या तळाशी पांढरा तंतू यावा तिथे शेंबडासारखा गोळा येतो, पिपेटच्या टोकात अडकतो, पाण्यात विरघळत नाही. विरघळला तरी पुढच्या पायरीतल्या एन्झाइमला काम करू देत नाही. म्हणून मीठ वाढवा, पुन्हा क्लोरोफॉर्म घाला, पुन्हा गाळा. ऑर्किडवर काम करणाऱ्यांचा निम्मा वेळ या शेंबडाशी झगडण्यात जातो म्हटलं तर कोणी हरकत घेणार नाही.

त्यानंतर पीसीआर. तापमान ९५ अंशांच्या आसपास नेलं की डीएनएचे दोन धागे सुटतात. ५५ च्या आसपास उतरवलं की आपण घातलेले प्रायमर, म्हणजे वीसेक अक्षरांचे छोटे धागे, नेमक्या जागी बसतात. ७२ ला एन्झाइम पुढची अक्षरं जोडत जातं. एक फेरी संपली की एकाचे दोन. ३० फेऱ्या पुऱ्या झाल्या तर हिशेबानं एका तुकड्याचे १०० कोटींहून अधिक तुकडे होतात. मग तो माल क्रम वाचणाऱ्या यंत्रात जातो आणि संगणकाच्या पडद्यावर चार रंगांच्या लाटा उमटतात, एक रंग एका अक्षराचा. स्वच्छ नमुन्यात प्रत्येक जागी एकच टोकदार लाट दिसते. एकाच जागी दोन रंग एकमेकांवर चढलेले दिसले की जाणकार सावध होतो. नमुन्यात दोन जाती मिसळल्या असतील किंवा झाड मुळातच संकरित असेल.

संकराची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण लागवडीतल्या डेंड्रोबियममध्ये संकर खूप होतात. बहुतेक फुलझाडांत हरितलवक आईकडूनच येतं. त्यामुळे नुसतं मॅटके वाचलं तर संकरित रोप हुबेहूब आईच्या जातीचं ठरतं आणि बापाचा पत्ताच लागत नाही. आई थ्येफी शिहू असेल तर विक्रेता अहवाल फडकवायला मोकळा. केंद्रकातला आयटीएस आई-बाप दोघांकडून येतो, म्हणून दोन्ही तुकडे वाचणं शहाणपणाचं. फारच जवळच्या भावंडांचा तंटा असेल तर आता संपूर्ण हरितलवकाचा, म्हणजे सुमारे दीड लाख अक्षरांचा क्रम वाचून फरक शोधतात. खर्च वाढतो, पण दीड लाखांत कुठे ना कुठे दोन-चार अक्षरं वेगळी सापडतात.

आयटीएसचीही एक खोड आहे. बुरशी ओळखायलाही आयटीएसच वापरतात, आणि ऑर्किडचं बुरशीशिवाय चालत नाही. ऑर्किडच्या बिया धुळीइतक्या बारीक असतात. त्यांत अन्नाचा साठा नसतो, बुरशीनं पोसलं तरच त्या रुजतात. मोठेपणीही मुळांत बुरशीची वेटोळी मुक्कामाला असतात. तेव्हा कंदाचा किंवा मुळाचा नमुना घेतला आणि प्रायमर नीट निवडले नाहीत तर यंत्र अगदी स्वच्छ लाटांनी, ठाम आत्मविश्वासानं बुरशीचं नाव सांगतं. व्हँडाच्या मुळाचा, म्हणजे रास्नेचा, तपास करणाऱ्यानं हे विसरू नये.

याहून मजेशीर अडचण थ्येनमाची. गॅस्ट्रोडिया एलाटा या ऑर्किडचे बटाट्याएवढे कंद चिनी वैद्यकात डोकेदुखी आणि चक्कर यांसाठी वापरतात. या झाडाला हिरवी पानंच नसतात. जमिनीतली मधाळ रंगाची एक बुरशी त्याला पोसते. प्रकाशसंश्लेषण करायचंच नाही, तर त्याची जनुकं सांभाळायची कशाला? या झाडाच्या हरितलवकाचा डीएनए झिजत झिजत सुमारे ३५ हजार अक्षरांवर आला आहे, आणि आरबीसीएल त्यातून गळून पडलं आहे. आंतरराष्ट्रीय गटानं निवडलेल्या जोडीतलं एक जनुकच इथे जागेवर नाही. थ्येनमाच्या नावानं बटाटा, डेलियाचे कंद आणि आपल्या अंगणातल्या गुलबक्षीची मुळं सुकवून विकली जातात. या तिघांत आरबीसीएल व्यवस्थित असतं. त्यामुळे आरबीसीएल छान उमटलं की माल नकली असल्याचा संशय घ्यावा, अशी उलटी खूण मिळते.

इतकं करून हाती येतो एक अक्षरांचा क्रम. त्यावर नाव लिहिलेलं नसतं. नाव येतं जुळवणीतून: हा क्रम आधी कोणीतरी वाचून ठेवलेल्या क्रमांशी ताडून पाहायचा. सगळा डोलारा या 'आधी वाचून ठेवलेल्या' संग्रहावर उभा आहे, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत कमी कौतुक वाट्याला येतं ते हा संग्रह बनवणाऱ्यांच्या. सार्वजनिक जनुकपेढीत कोणीही क्रम भरू शकतो. भरणाऱ्यानं झाड चुकीचं ओळखलं असेल तर चूक तिथे कायमची बसते. पुढचा संशोधक आपला नमुना तिच्याशी जुळवतो, तेच चुकीचं नाव देतो आणि आपलाही क्रम पेढीत टाकतो. आता एकाच चुकीचे दोन साक्षीदार झाले. डेंड्रोबियममध्ये नावांचे घोळ जुनेच आहेत. एकाच झाडाला निरनिराळ्या काळात निरनिराळी लॅटिन नावं मिळाली, त्यामुळे पेढीतल्या नोंदींवर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही.

यावरचा उपाय जुनाट आहे. ज्या झाडातून डीएनए घेतला, त्याचा फुलासकट दाबून वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये ठेवायचा आणि क्रमाच्या नोंदीत त्याचा क्रमांक द्यायचा. शंका आली तर कोणीही जाऊन कागदावरचं फूल बघू शकतो. आपल्याकडे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यातलं आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम ही अशी ठिकाणं. फादर सांतापाऊ आणि कपाडिया यांचं 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हे पुस्तक १९६६ मध्ये आलं, तेव्हा डीएनए वाचणारी यंत्रं कुठेच नव्हती. पण आज सह्याद्रीतल्या एखाद्या हॅबेनेरियाचा क्रम वाचून त्याला नाव द्यायचं तर आधार अशाच ग्रंथांचा आणि अशाच कागदांचा घ्यावा लागतो. जून-जुलैच्या पावसात, चिखलात बसून, भिंगातून फुलाचा ओठ पाहणारा माणूस मिळेनासा झाला तर यंत्र कितीही वेगवान असून उपयोग काय? निधी मात्र यंत्राला मिळतो.

भुकटीचं प्रकरण अजून वेगळं. तुर्कस्तानात हिवाळ्यात सालेप नावाचं गरम, दाट, दालचिनी भुरभुरलेलं पेय पितात. मराशचं लांबच लांब ताणलं जाणारं आइस्क्रीमही सालेप घालूनच करतात. सालेप म्हणजे जमिनीतल्या ऑर्किडच्या कंदांचं पीठ, आपल्या सालबाचंच भावंड. किलोभर सुक्या सालेपला हजारापासून चार हजारांपर्यंत कंद लागतात, आणि कंद काढला की झाड गेलं. एका पुडीत कित्येक जाती मिसळलेल्या असतात, त्यामुळे वर सांगितलेली एकेरी वाचनाची रीत इथे चालत नाही, लाटांवर लाटा चढतात. मग लाखो तुकडे एकाच वेळी पण सुटेसुटे वाचणारी यंत्रं वापरून अख्ख्या मिश्रणाची यादी काढतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इराण, तुर्कस्तान, ग्रीस आणि जर्मनीत विकत घेतलेली सालेपची ५५ उत्पादनं अशी तपासली, आणि ऑर्किडचा बेकायदा व्यापार किती पसरला आहे ते उघड झालं. सगळीच्या सगळी ऑर्किड १९७५ पासून वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत आहेत आणि परवान्याशिवाय ती सीमेपार नेता येत नाहीत. पण सीमेवरच्या अधिकाऱ्यापुढे पांढऱ्या पिठाची पिशवी आली तर तो ओळखणार कशावरून? इथे डीएनएला पर्याय नाही.

तरी या चाचणीकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. रानातलं झाड आणि जाळीघरातलं झाड एकाच जातीचं असेल तर बारकोड दोघांत फरक करत नाही. परवाना मात्र त्या फरकावरच अवलंबून असतो. उकळून, गाळून, आटवून केलेल्या अर्कात डीएनए बहुधा उरतच नाही. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यानं मोठ्या दुकानांतल्या वनौषधींच्या गोळ्यांवर डीएनए चाचणीच्या आधारे नोटिसा काढल्या, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी याच कारणावरून आक्षेप घेतला. अर्काच्या गोळीत झाडाचा डीएनए सापडला नाही म्हणून झाडच नव्हतं असं सिद्ध होत नाही. उलट गोळी बांधायला वापरलेल्या तांदळाच्या पिठाचा डीएनए मात्र मजेत सापडतो. आपला काढाही याच वर्गातला. महारास्नादि काढ्याच्या बाटलीत रास्ना कोणती होती हे बाटलीतून विचारण्यापेक्षा, कारखान्यात काढा उकळण्याआधी पोत्यातून विचारावं. ब्रिटिश औषधसंहितेनं डीएनएवरून वनौषधी ओळखायची पद्धत स्वीकारली तेव्हा पहिलं उदाहरण घेतलं आपल्या तुळशीचं, आणि तेही कच्च्या मालाच्या तपासणीसाठी.

जात बरोबर निघाली म्हणजे औषध गुणकारी, असंही नाही. दहा वर्षं बरणीत पडलेला, कीड लागलेला सालमपंजा डीएनएच्या अहवालात अस्सलच ठरेल. त्यात गुण किती उरला हे रसायनशास्त्रज्ञाला विचारावं लागतं, आणि त्या गुणानं माणूस बरा होतो का हे रुग्णांवरच्या रीतसर चाचण्यांना.

राहिला अष्टवर्ग. जीवक म्हणून आलेल्या सुक्या कंदाचा डीएनए वाचला आणि तो क्रेपिडियम ॲक्युमिनाटमशी तंतोतंत जुळला, तर एवढंच ठरतं की हे क्रेपिडियम ॲक्युमिनाटम आहे. चरक-सुश्रुतांच्या मनातला जीवक हाच का, हा प्रश्न त्यानं सुटत नाही. जुन्या ग्रंथांतली वर्णनं आखूड आहेत आणि त्या काळचा कोणताही नमुना कुठे जपलेला नाही. ग्रंथातलं वर्णन, निघंटूंतले पर्यायी शब्द, हिमालयातल्या लोकांच्या तोंडची नावं आणि वैद्यांची वहिवाट यांचा मेळ घालून विसाव्या शतकात अभ्यासकांनी हे जीवक-ऋषभक ठरवले. तो मेळ बराचसा पटण्यासारखा आहे, पण तो माणसांनी लावलेला आहे.

त्यातही भावप्रकाशकारांनी सोळाव्या शतकातच एक वाट मोकळी करून ठेवली होती. अष्टवर्ग राजांनाही दुर्मिळ झाला आहे, तेव्हा प्रतिनिधी द्रव्यं घ्यावीत असं ते सांगतात: मेदा-महामेदाच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभकाच्या जागी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीच्या जागी अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धीच्या जागी वाराहीकंद. त्यामुळे अष्टवर्गयुक्त म्हणून विकलेल्या चूर्णात ऑर्किडचं एकही अक्षर सापडलं नाही आणि विदारीकंदाचं सापडलं, तर प्रयोगशाळा दोन्ही गोष्टी बिनचूक लिहून देईल. ही भेसळ म्हणायची की शास्त्रसंमत बदल, हे मात्र वेष्टनावर काय छापलं होतं ते वाचूनच ठरवावं लागेल. विदारीकंद घातला असेल तर वेष्टनावर विदारीकंदच छापायला अडचण काय, हा साधा प्रश्न उत्पादकाला विचारायला कोणतंही यंत्र लागत नाही. चार ऑर्किडची नावं छापून विदारीकंद विकणाऱ्याला मात्र आता पकडता येतं. आणि खरोखरच चारही ऑर्किड घातली असतील तर पुढचा प्रश्न वनखात्याचा: एवढे कंद आणले कुठून?